खाणं, डिप्रेशन आणि नशा तिन्ही एकदम असेल तर आधी काय, मग काय: टीनएज मुलींच्या आईवडिलांसाठी

अशा घरांतल्या लोकांशी बोलताना मला एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. मुलगी जेवत नाही म्हणून तिला आहारतज्ज्ञाकडे नेलं, सारखी रडते म्हणून काउन्सेलरकडे नेलं, आणि दप्तरात व्हेप (इलेक्ट्रॉनिक सिगारेट) सापडला म्हणून घरीच झापलं. तीन दुखणी, तीन दारं, आणि एका दारातल्याला दुसऱ्या दारातलं काहीच माहीत नाही. मग उलट्या थांबतात आणि दारू वाढते, दारू थांबते तर ती स्वतःला इजा करायला लागते, ते आटोक्यात येतंय असं वाटतं तोवर जेवण परत बंद. कारण तिच्या दृष्टीने तिन्ही गोष्टी एकच काम करत असतात, आतली घालमेल थोडा वेळ गप्प करणं. एक बंद केली की दुसरी ते काम उचलते.

म्हणून लक्ष तिन्हीकडे एकाच वेळी ठेवायचं, पण पावलं मात्र क्रमाने टाकायची. खाली तो क्रम आहे.

हे दिसलं तर लेख बाजूला ठेवा आणि इमर्जन्सीत जा

चक्कर येऊन पडली, छातीत धडधडतंय किंवा दुखतंय, उलटीत रक्त आलं, फिट आली, दिवसभर पाणीसुद्धा पोटात टिकत नाहीये, जीव द्यायचं बोलतेय आणि कसा द्यायचा हेही तिच्या डोक्यात ठरलंय. दारू किंवा गोळ्या घेऊन पडली असेल, हाक मारून उठत नसेल, श्वास संथ झाला असेल तर "झोपली की उतरेल" म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा, मदत बोलवा, एकटीला ठेवू नका. आणि गोळ्या खाल्ल्याचं कळलं पण ती ठणठणीत दिसतेय, तरीही लगेच न्यायचंच. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी जास्त प्रमाणात घेतली तर यकृताला होणारी इजा एकदोन दिवसांनी दिसायला लागते, तोवर मूल हसतंखेळतंही असू शकतं.

## टप्पा १: बोलायच्या आधीची तयारी

बहुतेक आईवडील इथेच घाई करतात, काहीतरी सापडतं आणि त्याच रात्री स्फोट होतो. जिवाला धोका दिसत नसेल तर चारपाच दिवस थांबा आणि तेवढ्यात तीन कामं करा.

पहिलं काम, वही. तारीख टाकून जे दिसलं तेवढंच लिहायचं, मत लिहायचं नाही. "नाटकं केली" असं नको, "रात्री जेवली नाही, बाहेर खाऊन आले म्हणाली, नऊ वाजता बाथरूममध्ये वीस मिनिटं, नळ चालू" असं हवं. जेवण, जेवणानंतरचं बाथरूम, व्यायामाचा अतिरेक, झोप, रडणं, मैत्रिणी तुटणं, पाळी, थंडी वाजणं, उभं राहिल्यावर अंधारी येणं, सगळं. गालांच्या मागच्या बाजूला जबड्याजवळ सूज, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, दातांना अचानक कळा, ही उलट्या काढण्याची लक्षणं असू शकतात.

नशेचा रकाना लिहिताना लोक फक्त दारू आणि गांजा शोधतात, आणि इथेच अर्धं चित्र सुटतं. या मुलींमध्ये वजनासाठी घेतलेल्या गोष्टीही नशेइतक्याच महत्त्वाच्या. भूक मारायला निकोटीन, जुलाबाच्या गोळ्या, लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या, वजन कमी करायच्या गोळ्या, एनर्जी ड्रिंक, मैत्रिणीकडून घेतलेल्या एडीएचडीच्या (लक्ष टिकत नाही त्या त्रासावरच्या) गोळ्या. प्रत्येकीपुढे लिहा की ही मनासाठी दिसतेय, वजनासाठी दिसतेय की दोन्हीसाठी. डॉक्टरला हा एक रकाना फार उपयोगी पडतो. मुलीला टाइप १ डायबिटीस असेल तर इन्सुलिन मुद्दाम चुकवतेय का हेही बघा, वजनासाठी असं करणाऱ्या मुली असतात आणि ते जीवघेणं आहे.

दुसरं काम, घर सुरक्षित करणं. सगळी औषधं, अगदी आजीची झोपेची गोळी आणि तापाच्या गोळ्यांची पाकिटंसुद्धा, कुलपात. दारू घरात असेल तर घराबाहेर. ब्लेड, कीटकनाशक तसंच. वजनकाटा काढून टाका. हे बोलणं व्हायच्या आधीच व्हायला हवं, कारण बोलणं झाल्यावरची पहिली रात्र फार नाजूक असते.

तिसरं काम, घरातल्या मोठ्यांचं एकमत. आई सांगतेय जेव, बाबा म्हणतात राहू दे तिला, आजी म्हणते आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आजाराला आत शिरायला एवढी फट पुरते. आधी तुम्ही मोठे दार लावून बसा, वही एकमेकांना दाखवा, आणि एक वाक्य ठरवा जे सगळे सारखंच बोलतील.

> तपासून बघा: "तिचं वजन तर नॉर्मल आहे" या वाक्यावर तुम्ही थांबला आहात का? थांबू नका. बुलिमियामध्ये, म्हणजे भराभर खूप खाऊन मग उलट्या किंवा जुलाब काढून ते भरून काढायच्या आजारात, वजन बहुतेकदा नॉर्मल किंवा थोडं जास्तच असतं. आणि आधी जाड असलेली मुलगी भराभर उतरली तर आकडा नॉर्मल दिसत असतानाही तिच्या हृदयावर उपासमारीचा तोच ताण आलेला असू शकतो. पाळी येतेय हाही पुरावा धरू नका, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव गोळीमुळे होत असतो.

## टप्पा २: पहिलं बोलणं

ताटावर बसून नाही. ती नशेत असताना नाही. शेजारी शेजारी चालताना किंवा गाडीत बसल्यावर बरं पडतं, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. एकच मोठं माणूस, जिच्याशी किंवा ज्याच्याशी तिचं सगळ्यात कमी भांडण होतं ते.

सुरुवात दिसलेल्या गोष्टीपासून करा. "गेल्या आठवड्यात तू चार वेळा जेवण टाळलंस, रात्री रडण्याचा आवाज आला, आणि तुझ्या जॅकेटमध्ये व्हेप दिसला. मी रागावले नाहीये, मला काळजी वाटतेय. आपण डॉक्टरांकडे जाणार आहोत, मी तुझ्याबरोबर असेन." बस. जायचं का असं विचारायचं नाही, जाणार आहोत असं सांगायचं. ताप चढला की आपण तिची परवानगी मागत बसतो का? तसंच.

मग सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का कधी? जीव द्यायचा विचार येतो का?" हे विचारताना आईबाबांच्या तोंडाला कोरड पडते, मला माहितीये. पण विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, उलट कितीतरी मुलींना हायसं वाटतं की कुणीतरी तो शब्द उच्चारला. ती हो म्हणाली तर ओरडू नका, रडून तिच्यावरच कोसळू नका, "कधीपासून? कसं करायचं ते ठरवलंय का?" एवढं विचारा आणि त्या दिवसापासून तिला एकटं ठेवू नका.

बऱ्याच मुली सगळंच नाकारतात. ॲनोरेक्सियामध्ये, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने उपाशी राहायच्या आजारात, तर ती खोटं बोलत नसते, तिला खरंच दिसत नसतं. कबुलीजबाब मिळवायच्या मागे लागू नका, कबुली नसली तरी डॉक्टरकडे नेता येतं.

> सावध: "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, दोन दिवसांत मोडावं लागेल आणि मग विश्वास गेला तो गेला. शरीराबद्दल एक शब्द नको, "किती वाळलीस" नको आणि "आता छान दिसतेस" तर अजिबात नको. पहिलं तिला शाबासकीसारखं ऐकू येतं, दुसरं "जाड झालीस" असं.

## टप्पा ३: पहिली भेट शरीरासाठी

आधी मनाचा डॉक्टर की आधी शरीराचा, यात लोक अडकतात. आधी शरीर, आणि काही दिवसांतच. उलट्या, जुलाबाच्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या यांनी रक्तातलं पोटॅशियम खाली जातं आणि हृदयाचा ठोका बिघडतो, त्यात वर दारू किंवा उत्तेजक गोळी असेल तर धोका अजून वाढतो.

फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, "खाण्याचा आजार, डिप्रेशन आणि नशा तिन्हीची शंका आहे." आत गेल्यावर वहीचं पान द्या, तिच्यासमोर तोंडी पाढा वाचू नका. आणि मग बाहेर जाऊन बसा. तिला डॉक्टरशी एकटीने बोलायला मिळालंच पाहिजे, नशेचं खरं उत्तर आईसमोर येत नाही.

हे होतंय का ते बघा आणि नसेल तर नम्रपणे मागा: नाडी आणि ब्लडप्रेशर झोपवून आणि मग उभं करून, अंगाचं तापमान, ईसीजी, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि साखर, लिव्हर, किडनी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, लघवीची तपासणी, गरज असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट. दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली, किंवा वरचं ब्लडप्रेशर ९० च्या खाली असेल तर ॲडमिट करण्याचा विचार केला जातो. "खेळाडू आहे म्हणून नाडी कमी" हे कारण उपाशी मुलीच्या बाबतीत पटकन मान्य करू नका.

एक गोष्ट सहज निसटते. रोज गांजा ओढणाऱ्या काहींना त्यामुळेच उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्याने अंघोळ केली की बरं वाटतं. तासन्‌तास गरम पाण्याखाली उभी राहत असेल तर ते डॉक्टरला सांगा, नाहीतर त्यावर बुलिमियाचा शिक्का बसतो. उलटही होतं, बुलिमियाला ॲसिडिटी म्हणून गोळ्या चालू राहतात.

> सावध, रिपोर्ट नॉर्मल आले तरी: शरीर शेवटपर्यंत आकडे सांभाळून धरतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही. "सगळं ठीक आहे, टेन्शन घेऊ नका" ऐकून घरी आलात तर पुढच्या तपासणीची तारीख घेऊनच या.

> सावध, घरच्या घरी अचानक काहीही बंद करू नका: रोज दारू किंवा रोज झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या घेत असेल तर एकदम थांबवल्यावर फिट येऊ शकते. दारूच्या बाबतीत ही धोक्याची वेळ साधारण पहिल्या सहा तासांपासून तीनचार दिवसांपर्यंत असते. जुलाबाच्या गोळ्या थांबवल्यावर अंगात पाणी साठतं, पोट आणि पाय सुजतात, मुलगी घाबरते आणि परत गोळीकडे वळते. तिला आधीच सांगून ठेवा की हे पाणी आहे, चरबी नाही, काही दिवसांत उतरेल.

> सावध, खूप दिवसांच्या उपासानंतर एकदम ताट भरू नका: शरीर उपाशी राहायला सरावलेलं असताना अचानक भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि हृदय, फुप्फुसं, मेंदू गोत्यात येतात. जवळपास काहीच खात नसेल तर पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोजच्या रक्ततपासणीसकट.

## टप्पा ४: एक टीम आणि टीमला एक कॅप्टन

सायकियाट्रिस्ट, शरीर बघणारा डॉक्टर, थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ. सगळे एका छताखाली मिळाले तर उत्तमच, नाही मिळाले तर त्यांतला एक कॅप्टन ठरवा आणि बाकीच्यांनी त्याच्याशी बोलावं यासाठी लेखी परवानगी देऊन टाका. शक्य असेल तिथे मुलीचीही सही घ्या, तिला कळू दे की पाठीमागे काही चाललेलं नाही.

कॅप्टन निवडताना तीन प्रश्न विचारा. टीनएज मुलींचे खाण्याचे आजार तुम्ही बघता का? नशा चालू असताना उपचार सुरू कराल का? आईवडिलांना सोबत घेता का? "आधी नशा सोडा, मग या" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा, कारण तिन्ही एकत्र हाताळायला तयार असलेला माणूस तुम्हाला हवाय. नशामुक्ती केंद्रात पाठवायची वेळ आली तर आधी विचारा की जेवणाच्या वेळी आणि नंतर कोण बसतं, वजन आणि रक्त कोण बघतं. याचं उत्तर नसेल तर ती तिथे नशा सोडेल आणि उपाशी परत येईल.

तीन वेगळी दारं किती महाग पडतात याचं एक उदाहरण देते. ब्युप्रोपियॉन नावाचं औषध आहे, डिप्रेशनसाठी वापरतात आणि काही ठिकाणी सिगारेट सोडायलाही देतात. उदास आणि व्हेप ओढणाऱ्या मुलीसाठी एका दगडात दोन पक्षी वाटतं ना? पण ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया असेल तर हे औषध देत नाहीत, फिट येण्याचा धोका वाढतो. उलट्यांची गोष्ट डॉक्टरला माहीतच नसेल तर तो कसं टाळणार? म्हणून प्रत्येक दारात तिन्ही गोष्टी सांगायच्या, अगदी दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा.

डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या तर पहिले काही आठवडे आणि प्रत्येक डोस बदलल्यावर बारीक लक्ष हवं. या वयात काहींमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, बेचैनी वाढू शकते, झोप उडू शकते. असं दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा, गोळी मनाने बंद करायची नाही. आणि शरीर उपाशी असताना या गोळ्या म्हणाव्या तशा लागू पडत नाहीत, हे आधीच माहीत असलं की "औषधाचा काही उपयोग नाही" असा निष्कर्ष घाईने निघत नाही.

## टप्पा ५: ताट

बहुतेक घरी क्रम उलटा होतो. "मूड सुधारला की जेवेल" म्हणत वाट बघतात. उपाशी मेंदूचा मूड सुधारत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये ३६ धडधाकट तरुणांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं, त्यांच्यात उदासी आली, चिडचिड आली, माणसं टाळायला लागले, दिवसरात्र अन्नाचेच विचार. आधी त्यांना कसलाही मानसिक आजार नव्हता. तुमच्या मुलीच्या डिप्रेशनचा किती भाग उपासमारीचा आहे हे तिने नीट खाल्ल्याशिवाय कळणारच नाही.

डॉक्टरांनी घरी खायला हिरवा कंदील दिला की मग:

1. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन खाणी, घड्याळ लावून. भूक लागली का हे विचारायचं नाही, तिची भूक आत्ता भरवशाची नाही.
2. काय आणि किती हे मोठ्यांनी ठरवायचं आणि वाढायचं. आजार जोरात असतानाचं हे तात्पुरतं आहे, ती सावरली की तिच्या हातात परत द्यायचं, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा.
3. सोबत बसायचं, तुम्हीही खायचं. कॅलरी, डाएट, कोण जाड कोण बारीक, हे विषय टेबलावर बंद, घरातल्या मोठ्यांनी स्वतःच्या पोटावर बोलणंसुद्धा बंद.
4. जेवल्यावर तासभर सोबत. पत्ते, सिरीयल, काहीही, बाथरूमला आधी जाऊन ये म्हणायचं.

घास अडला तर वाद घालू नका, आजाराशी युक्तिवाद केला की आजारच जिंकतो. "मला दिसतंय हे किती अवघड आहे. पुढचा घास घे, मी इथेच आहे." हेच वाक्य शंभर वेळा. ती ओरडेल, ताट सरकवेल, तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलेल. एका आईने मला सांगितलं होतं की ती मनात म्हणायची, हे माझं लेकरू बोलत नाहीये. मला वाटतं ताटावर टिकून राहायला त्याहून जास्त काही लागत नाही.

जेवण चुकलं तर शिक्षा नाही, पुढचं वेळेवर. उलटी झालीच तर लगेच दात घासू देऊ नका, आम्लाने मऊ पडलेलं दातावरचं कवच घासलं जातं, फक्त पाण्याने खळखळून चूळ. आणि ती नशेत घरी आली तर त्या रात्री ताटावरून भांडण नको, सुरक्षित ठेवा, सकाळचा नाश्ता मात्र ठरल्या वेळी.

> तपासून बघा: ती फक्त गांजा ओढल्यावरच खाते का? तसं असेल तर गांजा थांबवल्यावर पहिला एक-दोन आठवडे भूक मरेल, झोप उडेल, चिडचिड होईल. ते आधीच टीमला सांगून जेवणाचा प्लॅन त्या आठवड्यांसाठी वेगळा करून घ्या, नाहीतर सगळे म्हणतील नशा सुटली आणि खाण्याचा आजार उलटला.

## टप्पा ६: नशा आणि उदासी, त्याच आठवड्यांत

हे पाचव्यानंतर सुरू होत नाही, सोबतच चालतं, फक्त ताट रोज आधी.

नशेबद्दल "का करतेस" विचारलं की उत्तर येत नाही. "ते घेतल्यावर काय बरं वाटतं?" विचारा. भूक लागत नाही, झोप येते, डोक्यातला आवाज बंद होतो, मैत्रिणींमध्ये मिसळता येतं. जे उत्तर येईल त्याच्याच जागी थेरपिस्टला काहीतरी दुसरं उभं करायचं असतं. झोपेसाठी पीत असेल तर झोपेवर काम, जेवल्यावरची अपराधी भावना मारायला पीत असेल तर जेवणानंतरच्या त्या तासावर काम. भावनांचा लोंढा आला की तो कसा निभवायचा हे शिकवणारी डीबीटी आणि विचार-वागण्याच्या साखळीवर काम करणारी सीबीटी, दोन्ही इथे वापरतात, आणि खाण्यासाठी कुटुंबाला सोबत घेणारी थेरपी.

घरात रोज लघवी तपासणं, खोलीची झडती, फोन हिसकावणं, याने मुलगी जास्त लपवायला शिकते असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणी करायची असेल तर टीमने करावी आणि तिला सांगून. अपवाद एकच, जीव द्यायची शंका असेल तर झडती घ्या, नंतर माफी मागता येते.

सेफ्टी प्लॅन एका कागदावर तिच्याच अक्षरात हवा. विचार वाढायला लागल्याची तिची खूण काय, ती स्वतः काय करेल, घरात कुणाला उठवेल, बाहेर कुणाला फोन करेल, इमर्जन्सीचा नंबर कुठला.

## टप्पा ७: घसरण आणि अदलाबदल

हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे, नेमके तेव्हाच घरचे सुस्कारा सोडून कामाला लागतात. डिस्चार्जच्या आधीच पुढची भेट ठरलेली हवी, आठवड्याभरातली. औषधांचं कुलूप तसंच ठेवा.

दर रविवारी मोठ्यांनी वहीत तीन ओळी लिहायच्या: खाणं कसं, मूड आणि झोप कशी, नशा कशी. एक ओळ अचानक खूप सुधारली तर आनंद वाटून घ्या आणि लगेच बाकीच्या दोन ओळी बारकाईने बघा. उलट्या एकदम बंद झाल्या त्याच आठवड्यात पार्ट्या वाढल्या का? दारू सोडली आणि रोज तीन तास व्यायाम सुरू झाला का? खूप दिवस खचलेली मुलगी एकाएकी शांत झाली, आवडत्या वस्तू वाटायला लागली का? हे शेवटचं दिसलं तर रविवारची वाट बघू नका, त्याच मिनिटाला तिच्याशी बोला आणि टीमला फोन करा.

घसरणीचा प्लॅन बरं चाललेलं असतानाच लिहून ठेवायचा, तिच्यासोबत बसून. किती जेवणं चुकली की सोबत बसणं परत सुरू, किती उलट्या झाल्या की रक्ततपासणी, कुठल्या गोष्टीला थेट ॲडमिट. आकडे टीमकडून घ्या. आणि तो कागद, तिच्या औषधांची डोससकट यादी आणि तीन आजारांची नावं लिहिलेली एक चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता इमर्जन्सीतला नवा डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तेव्हा काहीही आठवत नाही.